पिकअप ट्रकसाठी लेव्हलिंग किटची निवड : यांत्रिक तत्त्वे, भारवहन आणि सुरक्षितता

सारांश

अमेरिकेत पिकअप ट्रकचा पुढचा भाग उचलून तो मागील भागाच्या पातळीवर आणण्यासाठी लेव्हलिंग किट या सुट्या भागांच्या संचाचा मोठ्या प्रमाणावर वापर होतो. या किटची निवड बहुधा वाहनाच्या दर्शनी रूपाकडे पाहून केली जाते. प्रस्तुत लेखात किटचे प्रमुख प्रकार, त्यांचे कार्यतत्त्व, मोजमापाची पद्धत, चाकांच्या भूमितीवर व प्रकाशझोतावर होणारे परिणाम आणि कायदेशीर मर्यादा यांचे विवेचन केले आहे. कारखान्यातून येणारा पुढील झुकाव हा वाहनातील दोष नसून भारासाठी राखून ठेवलेली उंची आहे. त्यामुळे किटच्या निवडीचा आरंभ वाहनावर प्रत्यक्षात पडणाऱ्या भारापासून झाला पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पिकअप ट्रक, सस्पेन्शन, लेव्हलिंग किट, भारवहन, चाकांचे अलाइनमेंट, वाहन सुरक्षितता.

प्रस्तावना

अमेरिकेच्या ग्रामीण व निमशहरी जीवनात पिकअप ट्रकचे स्थान केवळ मालवाहू वाहनाचे राहिलेले नाही. १९२५ साली फोर्ड कंपनीने ‘मॉडेल टी’ या मोटारीवर कारखान्यातच हौदा बसवून ती विक्रीस आणली. १९४८ मध्ये याच कंपनीची एफ-सिरीज सुरू झाली आणि १९७७ पासून पुढील अनेक दशके ती त्या देशातील सर्वाधिक खपाची ट्रकमालिका ठरली. शेतकरी, सुतार व बांधकाम कंत्राटदार यांच्या कामाचे हे वाहन कालांतराने कुटुंबाची रोजची गाडी झाले. हौद्यात माल असो वा नसो, तीच गाडी कार्यालयात, बाजारात आणि मुलांच्या शाळेपर्यंत जाऊ लागली.

उपयोगातील या बदलामुळे एक लहानसा प्रश्न पुढे आला. नवीन पिकअप ट्रक सपाट जमिनीवर उभा केला असता त्याचा मागील भाग पुढील भागापेक्षा साधारणतः एक ते तीन इंच उंच दिसतो. या ठेवणीला तेथील व्यवसायात ‘रेक’ म्हणतात; प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पुढील झुकाव’ असा शब्दप्रयोग केला आहे. रिकामी गाडी चालविणाऱ्या मालकाला हा झुकाव खटकतो, शिवाय पुढे मोठे टायर बसविण्यास जागा अपुरी पडते. या दोन्ही कारणांसाठी पुढील सस्पेन्शनमध्ये काही भाग घालून पुढची बाजू उचलली जाते. हे भाग ज्या संचात मिळतात तो लेव्हलिंग किट होय. संपूर्ण गाडी चारही बाजूंनी उचलणाऱ्या लिफ्ट किटपेक्षा तो वेगळा आहे, हे आरंभीच लक्षात घेणे आवश्यक आहे.

किटची किंमत गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य असते आणि तो बसविण्याचे काम एका दिवसात होते. तथापि त्याचा संबंध सुकाणू, ब्रेक, टायर आणि समोरून येणाऱ्या वाहनचालकाच्या डोळ्यांशी येतो. म्हणूनच या निवडीचा शास्त्रीय विचार होणे अगत्याचे आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. पिकअप ट्रकच्या पुढील झुकावाचे यांत्रिक प्रयोजन स्पष्ट करणे.
२. लेव्हलिंग किटचे प्रकार व त्यांचे कार्यतत्त्व समजावून घेणे.
३. किटमुळे होणाऱ्या परिणामांचा सोप्या गणिताच्या आधारे विचार करणे.
४. वाहनाच्या उपयोगानुसार योग्य किट निवडण्याचे निकष मांडणे.

१. पुढील झुकावाचे प्रयोजन

पिकअप ट्रकच्या पुढील आसावर इंजिनाचे वजन सदैव असते. त्यात मोठा बदल होत नाही. मागील आसाची स्थिती याहून भिन्न आहे. हौदा रिकामा असताना तेथील स्प्रिंगांवर तुलनेने कमी वजन असते, तर माल भरल्यावर ते बरेच वाढते. बहुतेक पिकअपमध्ये मागील बाजूस पाट्यांच्या, म्हणजे लीफ प्रकारच्या स्प्रिंगा असतात. रॅम १५०० या गाडीने २००९ च्या मॉडेलपासून मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा स्वीकारल्या, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. भार आल्यावर गाडी मागे दबणार हे गृहीत धरूनच अभियंते रिकाम्या गाडीचा मागील भाग उंच ठेवतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मागील प्रत्येक स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला ५० न्यूटन आहे आणि हौद्यात मागील आसाच्या वरच ५०० किलोग्रॅम माल ठेवला. या मालाचे वजन सुमारे ४,९०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर २,४५० न्यूटन होईल. हूकच्या नियमानुसार स्प्रिंग ४९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच दबेल. ज्या गाडीचा मूळ झुकाव अडीच इंच आहे ती या भारानंतरही अर्धा इंच पुढे झुकलेली राहील. त्याच गाडीची पुढची बाजू किटद्वारे पूर्ण अडीच इंच उचलली असेल तर तोच माल भरल्यावर तिचा मागील भाग दोन इंच खाली बसेल आणि पुढचा भाग वर पाहू लागेल.

ट्रेलर ओढताना हा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो. सर्वसाधारण ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर पडावा, असा संकेत आहे. ३,००० किलोग्रॅमच्या ट्रेलरसाठी तो ३०० ते ४५० किलोग्रॅम होतो. शिवाय हा भार मागील आसाच्याही मागे पडत असल्याने तरफेच्या तत्त्वानुसार पुढच्या चाकांवरील वजन काही प्रमाणात कमी होते. ही गोष्ट किट नसतानाही घडते. किटमुळे त्यात भर पडते ती निराळ्या मार्गाने. पुढचा भाग दोन इंच उचलला असता गाडी मागील आसाभोवती किंचित फिरते. आसामागे चार फुटांवर असलेला जोडणीचा गोळा सुमारे दोन-तृतीयांश इंच खाली जातो. ट्रेलर समपातळीत राहावा यासाठी जोडणीची उंची पुन्हा तपासावी लागते.

तात्पर्य, पुढील झुकाव ही एक प्रकारची शिल्लक आहे. किट बसविणारा मालक ती खर्च करीत असतो. ती किती खर्च करावी हे त्याच्या भारावर अवलंबून आहे.

२. लेव्हलिंग किटचे प्रकार व कार्यतत्त्व

कोणता किट योग्य, हे प्रथमतः गाडीच्या पुढील सस्पेन्शनच्या रचनेवरून ठरते. एका रचनेसाठी बनविलेला किट दुसऱ्या रचनेस उपयोगी पडत नाही.

(अ) स्ट्रटच्या माथ्यावरील स्पेसर : फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, टोयोटा टकोमा इत्यादी गाड्यांच्या प्रचलित मॉडेलांत पुढील प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. वरचा व खालचा असे दोन कंट्रोल आर्म आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट, अशी ही मांडणी असते. स्ट्रटचा माथा आणि चासी यांच्यामध्ये ॲल्युमिनियम, पोलाद किंवा कठीण पॉलिमरची जाड चकती घातली की स्ट्रट तेवढा खाली सरकतो व गाडी वर उचलली जाते. स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असल्याने एक इंच जाडीच्या स्पेसरमुळे चाकापाशी सुमारे दोन इंच उंची मिळते. खरेदीच्या वेळी नेमकी येथेच गफलत होते. सांगितलेला आकडा चकतीच्या जाडीचा आहे की मिळणाऱ्या उंचीचा, हे विचारून घेतले पाहिजे.

हा प्रकार स्वस्त आहे, स्ट्रट उघडावा लागत नाही आणि स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नसल्याने सपाट रस्त्यावर गाडीची चाल पूर्ववत राहते. त्याची उणीव टोकाच्या स्थितीत दिसते. चाक खड्ड्यात उतरून पूर्ण खाली लोंबते तेव्हा मूळ रचनेत स्ट्रटची लांबी त्याला आवर घालते. स्पेसरमुळे ही मर्यादा खाली सरकते आणि वरचा बॉल जॉइंट व फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतील पुढील ॲक्सल यांना आखून दिलेल्या कोनापेक्षा अधिक वाकावे लागते. चाक पूर्ण वर दबले असता शॉक ॲब्सॉर्बर आतल्या आत टेकण्याचाही संभव असतो.

(आ) स्प्रिंगवरील स्पेसर : यात स्ट्रट उघडून चकती स्प्रिंग आणि तिची वरची बैठक यांच्यामध्ये घातली जाते. यामुळे स्प्रिंग ‘कडक’ होते असा सार्वत्रिक समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. सरळ गुणधर्माच्या स्प्रिंगचा ताठरपणा पूर्वदाबामुळे बदलत नाही. गाडीचे वजन तेच असल्याने उभ्या गाडीत स्प्रिंगची लांबीही जवळपास पूर्वीइतकीच राहते. बदलते ती स्ट्रटची स्थिती. तो आधीच काहीसा ताणलेला राहतो व खाली जाण्यासाठी त्याच्याकडे कमी अंतर उरते. परिणामी गतिरोधकावरून उतरताना स्ट्रट पूर्ण ताणला जाऊन ठोका बसतो आणि चालकाला तो कडकपणा वाटतो. स्ट्रटची कमाल लांबी मात्र मूळचीच राहत असल्याने बॉल जॉइंट व ॲक्सल मर्यादेबाहेर वाकत नाहीत, हा याचा मोठा गुण होय.

हे काम घरी करण्याचा मोह टाळावा. दर मिलिमीटरला १०० न्यूटन ताठरतेची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली असता तिच्यात ५०० जूल ऊर्जा साठते. ५० किलोग्रॅमची वस्तू एक मीटर उंचीवरून पडण्याइतका हा आघात आहे. योग्य दाबयंत्राविना स्ट्रटचा वरचा नट सोडल्यास जीवघेणा अपघात होऊ शकतो.

(इ) टॉर्शन बारच्या किल्ल्या : शेव्हरोले व जीएमसीच्या २५०० एचडी वर्गातील जड गाड्यांत पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पिळवटणारी पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार असतो. दांडीच्या मागील टोकाला धरून ठेवणाऱ्या भागास किल्ली म्हणतात. तिच्याशी मूळचाच समायोजनाचा बोल्ट असतो. तो थोडा फिरविला तरी पुढची उंची काहीशी वाढते. याहून अधिक उंचीसाठी वेगळ्या कोनात खाचा पाडलेली किल्ली बसवितात. दोन्ही मार्गांनी दांडीचा ताठरपणा तोच राहतो, परंतु चाकाची खाली जाण्याची मुभा घटते. दांडीत प्रचंड पीळ साठलेला असल्याने येथेही विशेष अवजार अनिवार्य आहे.

(ई) अखंड आसावरील स्पेसर : फोर्ड एफ-२५० व एफ-३५० आणि रॅम २५०० व ३५०० या गाड्यांच्या फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारांत पुढे अखंड आस आणि त्यावर गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. स्प्रिंगच्या वर स्पेसर घालणे येथे सोपे असते आणि जेवढी जाडी, जवळजवळ तेवढीच उंची मिळते. मात्र चासी उचलली गेल्यामुळे आस किंचित फिरतो व कास्टर हा कोन कमी होतो; सरळ जाताना गाडी भरकटू लागते. तसेच आसाला मधोमध राखणारा ट्रॅक बार वर्तुळाकृती मार्गाने फिरत असल्याने आस एका बाजूस सरकतो. म्हणून अशा किटमध्ये ट्रॅक बारची बैठक बदलणारा भाग आणि कास्टर पूर्ववत करण्याची सोय आहे का, हे पाहावे. केवळ दोन चकत्यांचा संच येथे अपुरा होय.

(उ) समायोज्य स्ट्रट : स्पेसरऐवजी संपूर्ण शॉक ॲब्सॉर्बरच बदलून त्यावरील स्प्रिंगची खालची बैठक वेगवेगळ्या खाचांत बसविता येते. बिल्स्टीन कंपनीची ५१०० मालिका हे याचे परिचित उदाहरण आहे. खर्च अधिक, परंतु जुन्या गाडीतील झिजलेले शॉक ॲब्सॉर्बर तसेही बदलायचे असतील तर हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. उंची येथेही बैठक बदलून मिळत असल्याने चाकाच्या खाली जाण्याच्या अंतराविषयी वर सांगितलेली मर्यादा काही अंशी लागू होते.

ज्या गाड्यांत हवेचे सस्पेन्शन आहे, उदाहरणार्थ २०१३ च्या मॉडेलपासून हा पर्याय मिळालेली रॅम १५००, त्यांत उंचीचे नियंत्रण संवेदकाकडे असते. अशा गाडीस सामान्य स्पेसर किट लावू नये.

३. मोजमाप : निवडीची पहिली पायरी

झुकाव प्रत्येक गाडीत वेगळा असतो. इंजिन, केबिनची लांबी, इंधनटाकी आणि मालकाने पुढे बसविलेला लोखंडी बंपर किंवा विंच यांमुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत फरक पडतो. म्हणून जाहिरातीतील आकड्यापेक्षा स्वतःच्या गाडीचे मोजमाप अधिक विश्वसनीय होय. त्याची पद्धत अशी :

१. चारही टायरांत निर्मात्याने सांगितलेला हवेचा दाब ठेवावा.
२. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करून थोडी पुढे-मागे न्यावी, म्हणजे सस्पेन्शन स्थिरावते.
३. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या थेट वरील मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे.
४. पुढील व मागील मडगार्डची कमान सारख्या उंचीची नसू शकते. त्यामुळे दारांखालच्या पट्टीची जमिनीपासूनची उंचीही पुढे व मागे मोजून पडताळा घ्यावा.
५. हीच मोजमापे नेहमीचा माल भरून किंवा ट्रेलर जोडून पुन्हा घ्यावीत.

पाचवी पायरी बहुतेक मालक गाळतात. वास्तविक निवडीचा निर्णय तीवरच अवलंबून आहे. उदाहरणार्थ, रिकाम्या गाडीत झुकाव अडीच इंच व नेहमीच्या भारासह एक इंच असेल, तर एक ते दीड इंच उंचीचा किट पुरेसा आहे. पूर्ण अडीच इंचाचा किट त्या मालकाची गाडी कामाच्या प्रत्येक दिवशी मागे झुकलेली ठेवील. गाडी बहुतांशी रिकामी चालत असली तरीही अर्धा ते एक इंच झुकाव शिल्लक ठेवणे इष्ट असते.

४. किटमुळे होणारे परिणाम

चाकांची भूमिती : पुढील भाग उचलला की कंट्रोल आर्मचे कोन बदलतात आणि त्यासोबत कॅम्बर, कास्टर व टो ही तिन्ही मापे हलतात. यांपैकी टोमधील बिघाड टायर लवकर झिजवितो आणि कास्टरमधील घट सुकाणूचे स्थैर्य कमी करते. म्हणून किट बसविल्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घेणे हा ऐच्छिक भाग नाही. साधारणपणे दोन इंचांपर्यंतची वाढ मूळच्या समायोजनाने सामावते. त्यापलीकडे वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागण्याचा संभव असतो आणि स्वस्त म्हणून घेतलेला किट महागात पडतो. एकंदर खर्चाचा अंदाज बांधताना किट, मजुरी, अलाइनमेंट आणि गरज भासल्यास आर्म, असा चौपदरी हिशेब मांडावा.

प्रकाशझोत : या परिणामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुढील व मागील आसांमधील अंतर १४५ इंच असलेल्या गाडीचा पुढचा भाग दोन इंच उचलला, तर ती सुमारे ०.८ अंशांनी वर वळते. कोन क्षुल्लक भासतो. परंतु हेडलाइटचा झोत २५ फुटांवर चार इंच आणि १०० मीटरवर जवळजवळ १.४ मीटर वर सरकतो. जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. बहुतेक गाड्यांत हेडलाइटमागील स्क्रू फिरवून हा दोष काही मिनिटांत दूर होतो. या दुरुस्तीचा लाभ मालकापेक्षा इतरांना अधिक होतो, आणि कदाचित त्यामुळेच ती राहून जाते.

स्थैर्य : अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या मॉडेलपासून वाहन उलटण्याच्या जोखमीचे मूल्यांकन सुरू केले. त्यातील मुख्य गुणोत्तर म्हणजे दोन चाकांतील आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा, हे अंतर ६८ इंच व गुरुत्वमध्याची उंची २८ इंच आहे, गुणोत्तर १.२१ येते. पुढचा भाग दोन इंच उचलल्याने गुरुत्वमध्य साधारण एक इंच वर गेला तर ते १.१७ होते. घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. ती भयावह नसली तरी शून्यही नाही, आणि मोठ्या टायरांमुळे त्यात आणखी भर पडते.

टायर : मागील डिफरन्शियलखालची जागा किटमुळे वाढत नाही, ती केवळ मोठ्या व्यासाच्या टायरने वाढते. पुढील चढावास भिडण्याचा कोन तेवढा सुधारतो. परंतु ३२ इंचांऐवजी ३५ इंच व्यासाचे टायर घातल्यास परीघ सुमारे ९.४ टक्क्यांनी वाढतो. वेगदर्शक ६० मैल दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ताशी ६५.६ मैलांनी धावत असते. टायर जड झाल्याने ब्रेकवरील ताण व इंधनाचा खर्चही वाढतो.

संवेदक व इतर रस्तावापरकर्ते : अलीकडील गाड्यांत काचेमागील कॅमेरा आणि पुढील रडार यांच्या आधारे स्वयंचलित ब्रेक कार्य करतात. गाडीचा कोन बदलला की त्यांची नजरही बदलते. म्हणून निर्मात्याच्या सूचनेनुसार त्यांचे पुनर्समायोजन करून घ्यावे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे त्यांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. पूर्ण आकाराच्या अनेक पिकअप मुळातच या मर्यादेपलीकडे आहेत. किट त्यांची बॉनेट आणखी वर नेतो आणि चालकाला पुढील चाकांलगतचा रस्ता आणखी कमी दिसतो.

५. उपयोगानुसार निवड

उपरोक्त विवेचनाच्या आधारे चार प्रकारच्या मालकांचा विचार करता येईल.

पहिला, ज्याची गाडी शहरात बहुतांशी रिकामी धावते. त्याने झुकावापेक्षा अर्धा इंच कमी उंचीचा, नामांकित उत्पादकाचा स्पेसर घेतल्यास पुरेसे होते. दुसरा, जो नियमितपणे माल वा ट्रेलर वाहतो. त्याने एक तर किट टाळावा किंवा अल्प उंचीचा घेऊन मागील बाजूस हवेच्या साहाय्यक पिशव्या बसवाव्यात. या पिशव्या दबलेली उंची भरून काढतात. मात्र त्यांमुळे गाडीची प्रमाणित भारक्षमता वाढत नाही, हे विसरता कामा नये. तिसरा, जो कच्च्या, डोंगराळ वाटेवर गाडी नेतो. त्याच्या चाकांना वारंवार टोकापर्यंत खाली जावे लागत असल्याने माथ्यावरील जाड स्पेसर त्याच्यासाठी सर्वांत अयोग्य होय. समायोज्य स्ट्रट व सुयोग्य कंट्रोल आर्म यांचा संच त्याने पाहावा. चौथा, ज्याच्या गाडीने लाखभर मैल पूर्ण केले आहेत. त्याने प्रथम बॉल जॉइंट, बुश आणि ॲक्सलचे रबरी बूट तपासून घ्यावेत. झिजलेल्या सांध्यावर नवा कोन लादणे म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर ओझे देणे होय.

साहित्याचा विचार हवामानानुसार करावा. मिशिगन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम व पोलाद एकमेकांस भिडलेले असतील तर गंज वेगाने पसरतो. तेथे चांगला लेप दिलेला भाग निवडून त्याची दरवर्षी पाहणी करणे हिताचे असते.

६. कायदेशीर बाजू

अमेरिकेत सस्पेन्शनमधील फेरफाराचे नियम राज्यागणिक भिन्न आहेत. पुढचा भाग अतिशय उंच व मागील भाग खाली ठेवण्याची ‘कॅरोलिना स्क्वॉट’ नावाची फॅशन आग्नेयेकडील राज्यांत पसरल्यावर नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ मध्ये कायदा केला. फेरफारामुळे पुढील मडगार्ड मागील मडगार्डपेक्षा चार इंच वा अधिक उंच होणे त्यान्वये निषिद्ध झाले. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. योग्य रीतीने बसविलेला लेव्हलिंग किट या मर्यादेच्या बराच आत राहतो. तरीही पुढचा भाग अवाजवी उचलण्याला कायद्याने धोका मानले आहे, ही बाब सूचक आहे.

हमीविषयी १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा लागू होतो. बाहेरचा भाग बसविला एवढ्याच कारणावरून निर्मात्याला संपूर्ण हमी नाकारता येत नाही. परंतु त्या भागामुळेच बिघाड झाल्याचे दिसून आल्यास तेवढ्या दुरुस्तीचा खर्च मालकावर येतो. म्हणून किटची व अलाइनमेंटची पावती जपून ठेवावी.

भारतातील स्थिती मूलतः वेगळी आहे. महाराष्ट्रात मालवाहू पिकअपच्या मागे जादा पाटे चढवून घेण्याची पद्धत परिचित आहे. तेथे फेरफाराचा हेतू दिसण्याचा नसून अधिक भार वाहण्याचा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात याच भूमिकेचा पुनरुच्चार केला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अमेरिकेतील बाजारपेठेत सहज मिळणारा किट येथे जसाच्या तसा योग्य ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. पुढील झुकाव ही भारासाठी राखलेली उंची असून ती पूर्णपणे नाहीशी करणे बहुतेक कामकरी वाहनांस हितावह नाही.
२. किटचा प्रकार सस्पेन्शनच्या रचनेवरून आणि किटची उंची भारित गाडीच्या मोजमापावरून ठरविली पाहिजे.
३. स्पेसर स्प्रिंगचा ताठरपणा बदलत नाही. तो चाकाच्या वर-खाली जाण्याच्या अंतराची वाटणी बदलतो. किटचे गुणदोष या वाटणीतून उद्भवतात.
४. अलाइनमेंट, हेडलाइटचे समायोजन आणि आवश्यक तेथे संवेदकांचे पुनर्समायोजन हे किट बसविण्याच्या कामाचेच अंग मानले पाहिजे.
५. दोन इंचांपलीकडील उंचीसाठी पूरक भागांचा खर्च आरंभीच हिशेबात धरावा.

समारोप

लेव्हलिंग किट ही तशी दोन चकत्यांची गोष्ट. परंतु त्या बसविताना मालक अभियंत्यांनी भार, वेग आणि रस्ता यांचा मेळ घालून घेतलेल्या एका निर्णयात फेरबदल करीत असतो. तसा फेरबदल करण्यास हरकत नाही. मात्र मूळ निर्णयामागचे कारण समजून घेतल्यावरच तो करावा. त्यासाठी लागणारी साधने सर्वांजवळ आहेत. एक मोजपट्टी, नेहमीचा माल भरलेली गाडी आणि किट बसविल्यानंतर रात्री भिंतीसमोर उभे राहून हेडलाइटचा झोत किती वर गेला हे पाहण्याची तयारी, एवढ्यावर योग्य निवडीचा बराचसा भाग पूर्ण होतो.